सपाट पडद्याचे टीव्ही

काचेच्या जाड नळीऐवजी पातळ पॅनेलवर चित्र उमटवणारे दूरचित्रवाणी संच. दुकानात एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी अशी नावे ऐकू येतात, पण तंत्रे मुळात दोनच. एकात (एलसीडी) प्रकाश पडद्यामागून येतो आणि प्रत्येक ठिपका तो कमीजास्त अडवतो. दुसऱ्यात (प्लाझ्मा, ओएलईडी) ठिपका स्वतःच उजळतो. काळा रंग किती काळा दिसेल आणि संच कशाने बिघडेल, हे बरेचसे यावरच ठरते.

४के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके) असतात. ५५ इंची संचात एक पिक्सेल जेमतेम ०.३ मिमी रुंद भरतो. एलसीडी पडद्यावरचे पांढरे अक्षर भिंगातून पाहिले तर पांढरा रंग कुठेच सापडत नाही. लाल, हिरव्या, निळ्या बारीक पट्ट्या तेवढ्या दिसतात.

एलसीडी. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांना १८८८ मध्ये आढळलेले द्रवस्फटिक हा या पॅनेलचा गाभा. दोन काचांमध्ये त्याचा काही मायक्रोमीटर जाडीचा थर असतो आणि बाहेरून दोन्ही बाजूंना एकमेकांशी काटकोनात लावलेले ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारे पापुद्रे. ट्रान्झिस्टरने विद्युत दाब दिला की रेणू वळतात आणि त्या प्रमाणात प्रकाश पुढच्या ध्रुवकातून सुटतो. ध्रुवक आणि रंगांचे फिल्टर मिळून मागच्या दिव्यांचा नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश खातात. उलट पूर्ण अंधार हवा तेव्हा दार कितीही घट्ट लावले तरी फटीतून उजेड झिरपतोच. म्हणून रात्रीच्या दृश्यात काळे करडे दिसते. आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचे गुणोत्तर, साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१ किंवा जास्त; मात्र व्हीएचे रंग बाजूने बघणाऱ्याला फिके दिसतात. मंडळी खोलीभर पांगून बसत असतील तर आयपीएस बरे.

‘एलईडी टीव्ही’ हा एलसीडीच. पूर्वी मागे बारीक फ्लुरोसंट नळ्या असत, आता एलईडी असतात एवढेच. क्यूएलईडीमध्ये निळ्या एलईडीसमोर क्वांटम डॉटची, म्हणजे अतिसूक्ष्म अर्धवाहक कणांची, फिल्म असते. ती निळ्याचा काही भाग शुद्ध लाल आणि हिरव्यात बदलते, त्यामुळे रंग खुलतात. काळेपणात तिने फरक पडत नाही. तो मिनी एलईडीने पडतो. त्यात शेकडो विभाग वेगवेगळे मंद करता येतात, तरी काळ्यावरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती फिकट वलय उरते.

स्वस्त संचांत सर्वाधिक बिघडतो तो हाच मागचा दिवा. पट्ट्यांवरचे एलईडी एकसर जोडणीत असतात. एक जळून तुटला की सगळी माळ विझते. आवाज येतो, पडदा काळा. अंधारात टॉर्च पडद्यावर तिरका धरावा: अंधूक चित्र हलताना दिसले तर पॅनेल शाबूत आहे, पट्ट्या गेल्या आहेत. तेव्हा सगळ्या पट्ट्या एकदम बदलाव्यात. एकच एलईडी बदलला तर जुने थोड्याच दिवसांत पाठोपाठ जातात आणि उजेडही डागाळलेला दिसतो. पडद्यावर गोल पांढरे ठिपके दिसू लागले तर एलईडीवरची भिंगे गळून पडलेली असतात. मूळ कारण बहुधा उष्णता. म्हणून दुकानातला ‘व्हिविड’ मोड घरी बंद करून ‘बॅकलाइट’ उतरवावा. अनेक संचांत ‘ब्राइटनेस’ने फक्त काळ्याची पातळी बदलते, दिवा तसाच तापत राहतो.

प्लाझ्मा. निऑन-झेनॉन वायूच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत विसर्ग, त्यातून अतिनील किरण, त्यांनी उजळणारे फॉस्फर. शोध १९६४, इलिनॉय विद्यापीठ. चित्र सुरेख, पण संच जड, तापट आणि विजेला भुकेला; २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी उत्पादन थांबवले.

ओएलईडी. सेंद्रिय पदार्थाच्या अतिपातळ थरातून विद्युत प्रवाह गेला की तो थर प्रकाशतो; प्रवाह बंद, की पिक्सेल पूर्ण काळा. आजच्या उपकरणांचा पाया चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कोडॅकमध्ये घातला. पहिला विक्रीचा टीव्ही सोनीचा, २००७ सालचा, ११ इंची. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहायला याला तोड नाही. भर दुपारी उघड्या खिडकीसमोर मात्र चांगला मिनी एलईडी सरस ठरतो.

ओएलईडीचे दुखणे म्हणजे असमान झीज. दिवसभर एकच वृत्तवाहिनी लावून ठेवणाऱ्या घरात तिचा लोगो आणि खालची पट्टी जिथे येते तिथले पिक्सेल आधी थकतात आणि त्यांची सावली कायमची उरते. ही झीज मोजून सावरण्याचे काम संच काही तासांच्या वापरानंतर, रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये करतो. आपल्याकडे टीव्ही बंद केला की भिंतीवरचे बटणही बंद करण्याची सवय आहे. तिच्यामुळे हे काम रोज अर्धवट राहते. ओएलईडी घेतला तर हे बटण चालू ठेवावे, वीज नगण्य लागते. विजांच्या गडगडाटात मात्र प्लगच काढावा.

पुसताना कोणत्याही पडद्यावर थेट फवारा मारू नये. ओघळ खालच्या कडेत शिरतो आणि अनेक संचांत काचेला चिकटवलेल्या, पिक्सेलना संकेत देणाऱ्या चालक चिपच्या रिबन तिथेच असतात. त्या शॉर्ट झाल्या की उभ्या रेषा येतात किंवा अर्धा पडदा जातो आणि दुरुस्तीचा खर्च बहुधा नव्या पॅनेलइतका होतो. मऊ कापड किंचित ओलसर करून, संच बंद आणि गार असताना पुसावे.