जीएमआरटीवर हायड्रोजनच्या निरीक्षणासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि नेमकं कुठे अडतं

सोलापुरातल्या एम.एस्सी.च्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आपल्याला कोण देणार? वेळ मिळतो, आणि तो कुणालाही मागता येतो. 45 मीटर व्यासाच्या या 30 अँटेनांसाठी जगभरातून अर्ज येतात. निवड वेळवाटप समिती करते आणि ती प्रस्तावातलं विज्ञान बघते. अर्ज ही दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो, त्यासाठी हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जायची गरज नाही. तरी मुलं आठवडाभर प्राचार्यांच्या सही-शिक्क्यामागे हिंडतात आणि मूळ प्रस्ताव शेवटच्या रात्री लिहितात, हे बघून जीव तुटतो. रेडिओ डेटा हाताळलेली एखादी व्यक्ती मात्र सहअर्जदार म्हणून जरूर घ्या.

मुदतीत घोळ होतो. निरीक्षणांची सत्रं दोन, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलच्या सत्राचा अर्ज मात्र जानेवारीच्या मध्यात बंद होतो आणि ऑक्टोबरचा जुलैच्या मध्यात. जानेवारीची मुदत ऐन गड्ड्याच्या यात्रेत येते, म्हणून नंदीध्वज निघण्याआधीच प्रस्ताव पूर्ण करा. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत दिली असेल तर 12 म्हणजे आपले सायंकाळचे 5:30.

नाव, पत्ता, दीर्घिकेचे निर्देशांक हे भरायला अर्धा तास पुरतो. वारंवारतेच्या रकान्यात सावध राहा. थंड हायड्रोजनची रेषा 1420.4 मेगाहर्ट्झला असते, पण दीर्घिका आपल्यापासून दूर जात असल्याने ती खाली सरकते. मीन राशीतली एनजीसी 628 सेकंदाला सुमारे 657 किलोमीटर वेगाने दूर जाते, म्हणून तिची रेषा 1417.3 च्या आसपास सापडते. 1420.4 भोवती 2 मेगाहर्ट्झचा पट्टा मागितलात, तर दीर्घिका पट्ट्याबाहेरच राहील.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते तांत्रिक समर्थनात, म्हणजे हे निरीक्षण या दुर्बिणीने कसं जमेल हे पटवून द्यायच्या भागात. सर्पिल दीर्घिकेभोवतीचा हायड्रोजन ताऱ्यांच्या तबकडीच्या बराच बाहेरपर्यंत पसरलेला असतो, आणि मुलांना नेमका तोच विरळ वायू बघायचा असतो. जीएमआरटीच्या सर्वांत जवळच्या दोन अँटेनांमधलं अंतर साधारण 100 मीटर आहे. त्यामुळे 21 सेंटिमीटर तरंगलांबीवर सुमारे 7 आर्कमिनिटांपेक्षा (एक आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोठी, सलग पसरलेली रचना तिला नीट पकडता येत नाही. एनजीसी 628 ची नुसती दृश्य तबकडीच सुमारे 10 आर्कमिनिटांची आहे. ‘बाहेरचा सगळा वायू मोजू’ असं लिहिलंत की परीक्षक तिथेच थांबतो. वेगाच्या एकेका वाहिनीत, म्हणजे वारंवारतेच्या एकेका बारीक तुकड्यात, वायू अरुंद पट्ट्यात दिसतो, त्यामुळे बरंच हाती लागतं, हे आकडे देऊन दाखवा. उरलेल्यासाठी एकाच मोठ्या अँटेनाच्या दुर्बिणीची मोजणी जोडणार असाल, तर तेही लिहा. नाहीतर प्रश्नच बदला: वायूचे छोटे पुंजके, बाह्य भुजांमधली घनता. अँटेनांमधल्या लांब अंतरांमुळे तिथे ही दुर्बीण फार बारीक तपशील देते.

दुसरी अडचण अशी की ही दीर्घिका आधीच पाहिली गेली आहे. अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीच्या ‘थिंग्ज’ सर्वेक्षणात 34 जवळच्या दीर्घिका होत्या, त्यात एनजीसी 628 सुद्धा आहे आणि तो डेटा खुला आहे. तो का पुरत नाही, याचं उत्तर प्रस्तावात नसेल तर नकार जवळपास ठरलेला. अर्ज भरण्याआधी जीएमआरटीच्या जुन्या निरीक्षणांचा ऑनलाइन संग्रहही तपासा.

किती तास हवेत, हे संकेतस्थळावरच्या गणकाने काढा आणि कॅलिब्रेटरचा, म्हणजे मोजमाप जुळवून घ्यायला बघायच्या ओळखीच्या रेडिओ स्रोताचा, वेळ त्यात धरा. एनजीसी 628 साठी 3सी48 हा कॅलिब्रेटर चालतो.

नकार आला तरी हात रिकामे राहत नाहीत. साधारणपणे 18 महिन्यांनी इतरांची निरीक्षणं त्याच संग्रहात खुली होतात आणि ती नोंदणी करून फुकट उतरवता येतात. त्यांतली एक दीर्घिका कासा या रेडिओ डेटाच्या संगणक प्रणालीत स्वतः सोडवून बघा, आणि त्या नकाशातला गोंगाट किती आला तो आकडा पुढच्या अर्जाच्या तांत्रिक समर्थनात घाला.