उलटली की ऊब बदलते: गोव्याच्या हवेसाठी पट्ट्यांची गोधडी

सत्तरी तालुक्याकडची डोंगराळ गावं सोडली, तर गोव्यात गोधडी लागते ती मुख्यतः पंख्यामुळे. रात्री अकराला घामाने जीव नकोसा होतो म्हणून पंखा पाचावर, आणि पहाटे चारला हात आपसूक पायथ्याची चादर ओढतो. तोवर खोली काही फार गार झालेली नसते. उतरलेलं असतं ते आपलंच तापमान. जाग येण्याच्या साधारण दोन तास आधी शरीराचं तापमान दिवसातल्या सगळ्यात खालच्या पातळीवर असतं, आणि नेमका तेव्हाच पंख्याचा वारा त्वचेलगतची ऊबदार हवा उडवून नेत असतो.

ऊब खरं तर कापडाची नसतेच. धाग्यांच्या जाळीत अडकून स्तब्ध झालेल्या हवेची ती असते. अशा हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ एकक, पाण्याची ०.६, म्हणजे तेवीसपट. त्यामुळे गोधडीतली हवा हलली की ऊब जाते आणि तिच्या जागी ओल शिरली तरीही जाते. आपल्याकडे वारा आणि दमट हवा दोन्ही बारमाही.

एवढं लक्षात आलं की दोन्ही बाजूंनी वापरायच्या गोधडीकडे बघण्याची दृष्टी बदलते. बहुतेक जण एका बाजूला फुलं, दुसऱ्या बाजूला रेघा असा रंगांचा विचार करतात. माझं म्हणणं असं, की दोन बाजूंची वीणच वेगळी ठेवा: एकीकडे घट्ट विणीचं पॉपलिन, दुसरीकडे विरळ मलमल. पॉपलिन वर ठेवून पांघरलं की वारा तिथेच बराचसा अडतो, मधल्या थरातली हवा जागेवर राहते आणि अंगाला मलमलीची मऊ लव लागते. लवेमुळे त्वचेचा कापडाशी थेट स्पर्श कमी होतो, म्हणून ते गार लागत नाही. हीच गोधडी एप्रिलमध्ये उलटायची. आता वारा मलमलीतून आत शिरतो, मधली हवा हलते, आणि अंगाला टेकलेलं गुळगुळीत पॉपलिन जास्त जागी स्पर्श करून उष्णता पटकन ओढून घेतं. कापड तेच, वजन तेच, फक्त थरांचा क्रम उलटा.

मधला थर कोणता, यावर मी सगळ्यात जास्त घोळले. पॉलिएस्टरचं वॅडिंग, म्हणजे भरायचा फुगीर थर, हलकं, फुगीर आणि झटकन वाळणारं. प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेला, ते स्वतःच्या वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के पाणी धरतं, तर सुती कापड ८.५ टक्के. म्हणजे किलोभर वजनाच्या सुती गोधडीत कोरडी दिसत असतानाही ८० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, आणि जुलैत त्याहून बरंच जास्त. तरीही मी पातळ सुती फ्लॅनेलच घेते, कारण घामाची वाफ धाग्यातच मुरते आणि पहाटे अंग चिकट होत नाही. फक्त पावसाळ्यात गोधडी कपाटात घडी करून ठेवू नये. सुताचा सेल्युलोज हे बुरशीचं अन्नच आहे.

वजनाचा अंदाज स्वयंपाकघरातल्या काट्यावर येतो. साडेपाच मीटर लांब, ११० सेंटिमीटर पन्ह्याची साडी म्हणजे सुमारे ६ चौरस मीटर. ती ४५० ग्रॅम भरली तर कापड ७५ जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम. पॉपलिन ११०, फ्लॅनेल १५० आणि मलमल ७० धरली, तर पाच फूट बाय सात फुटांची गोधडी किलोच्या थोडी वर जाते. पण पट्टीची रुंदी विसरू नका. प्रत्येक पट्टीला दोन्ही कडांना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, लागते. पाच इंची पट्टीचं साडेचार इंच कापड दिसतं, दोन इंचीचं दीडच. पहिल्या गोधडीत वरखालचं कापड ११ टक्के जास्त जातं, दुसरीत ३३ टक्के. शिवाय प्रत्येक शिवणीपाशी थर दाबले जातात आणि तेवढ्या रेघेत हवाच उरत नाही. हलकी गोधडी हवी असेल तर पट्ट्या रुंद घ्याव्यात.

आटण्याचा प्रश्न इथे दुप्पट महत्त्वाचा. सुती तंतू पाण्यात लांबीला जेमतेम वाढतो, पण जाडीला चांगलाच फुगतो. फुगलेल्या आडव्या धाग्यांना वळसा घालताना उभ्या धाग्याची लांबी खर्च होते आणि कापड आखडतं. एक बाजू जास्त आटली, की इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली दोन धातूंची जोडपट्टी तापल्यावर वाकते, तशी गोधडीची कड वळते. म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं नवं कापड आधी दोनदा धुऊन घ्यावं. आजीच्या वाकळीला ही अडचण कधी आली नाही. तिच्या साड्या शंभर धुण्यांत आटायच्या तेवढ्या आटून गेलेल्या असत, आणि खळही केव्हाच निघून गेलेली असे. पट्ट्या उभ्या धाग्यातच कापाव्यात. उरेब, म्हणजे तिरकी, कापलेली पट्टी मशीनखाली ताणते आणि मग शिवण लाटांसारखी दिसते.

राहिला रंग. मलमलीतून आतलं दिसतं, आणि ओली झाली की जास्तच. कोरड्या कापडात प्रकाश तंतू आणि हवा यांच्या सीमेवर विखुरतो. सेल्युलोजचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवतो त्याचं माप, १.५३, हवेचा १, पाण्याचा १.३३. तंतूंमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की फरक घटतो, विखुरणं कमी होतं आणि कापड पारदर्शक होऊ लागतं. म्हणून निवडलेले थर एकावर एक ठेवून, पाणी शिंपडून खिडकीशी धरून बघते. पट्ट्या मधल्या थरावरच जोडत जायच्या या शिलाईत फ्लॅनेल अखंड असतं. नवी पट्टी आधीच्या पट्टीवर सुलट बाजू आत करून, वर आणि खाली एकाच टाक्यात शिवायची आणि उलटवायची. उलटवल्यावर दोन्ही पट्ट्यांची माया नव्या पट्टीखाली जाते. गडद पट्टीनंतर फिकी आली तर गडद कापडाची रेघ तिच्यातून सावलीसारखी दिसत राहते. त्यामुळे माझी पहिली पट्टी सायीच्या रंगाची असते, मग हळदी, मग कुणबी साडीच्या चौकड्यांसारखी लाल, आणि सगळ्यात शेवटी गडद निळी.