मुंबई धर्मप्रांत (अँग्लिकन)

इंग्लंडच्या चर्चचा (अँग्लिकन) पश्चिम भारतातील धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश. स्थापना १८३७. कलकत्ता (१८१४) आणि मद्रास (१८३५) यांच्यानंतरचा हा हिंदुस्थानातला तिसरा अँग्लिकन धर्मप्रांत. १८३३च्या सनदी कायद्याने त्याची वाट मोकळी केली. त्याआधी मुंबई कलकत्त्याच्या बिशपांच्या अखत्यारीत होती आणि स्थानिक कारभार आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ धर्माधिकारी) पाहत. मुंबईचे आर्चडीकन थॉमस कार हेच पहिले बिशप झाले. कोटातले सेंट थॉमस हे १७१८ पासूनचे चर्च कथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, ठरले. कोटाच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जाता येई तो चर्चगेट. दरवाजा पाडला गेला, तरी नाव रेल्वे स्थानकाने टिकवले.

या धर्मप्रांताची घडण समजून घ्यायची तर पगार कोण देतो हे आधी पाहावे लागते. गोऱ्या पलटणी आणि अधिकारी यांच्यासाठी नेमलेले चॅपलेन (धर्मोपदेशक) सरकारी खजिन्यातून पगार घेत. मराठी मंडळ्यांचे (ख्रिस्ती भक्तसमूहांचे) काम मात्र मिशनरी संस्थांच्या पैशावर चाले: नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी, अहमदनगर भागात एसपीजी (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल). बिशप दोघांचे एकच, पण उपासनेची भाषा, शाळा आणि वस्त्या निराळ्या. ही दरी धर्मप्रांताच्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

पुण्यात पंचहौदेच्या पवित्र नाम देवालयाभोवती शाळा व सेवाकार्य उभे राहिले. १८९०मध्ये याच मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक आणि रानडे यांच्यावर ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) आले, आणि एका अँग्लिकन मिशनचे नाव महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात कायमचे नोंदले गेले.

१९२९मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. १९३०मध्ये हिंदुस्थानातले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले. बिशपांच्या नेमणुकीवरचा ब्रिटिश राजसत्तेचा हक्क संपला आणि पाळक व सामान्य सभासद यांच्या प्रतिनिधींना कारभारात अधिकृत स्थान मिळाले. मराठी मंडळ्यांच्या दृष्टीने १८३७पेक्षाही हे वर्ष महत्त्वाचे आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल इत्यादी चर्चांच्या ऐक्यातून उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली आणि मुंबई धर्मप्रांत त्यात सामील झाला. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेत बिशप नसत. त्या परंपरेतून या ऐक्यात आलेल्या मंडळ्यांनीही आता बिशपपद स्वीकारले.