शून्य कुठून मोजायचं? सोलापूर आणि ‘शून्यातून विश्व’

सोलापुरात कुणाचाही सत्कार असू दे, एक वाक्य ठरलेलं असतं : ‘यांनी शून्यातून विश्व निर्माण केलं.’ हार घातला जातो, टाळ्या पडतात. हे वाक्य ऐकलं की मला आमच्या पूर्व भागातली शेजारीण आठवते. सकाळची कामं उरकली की ती मांडीवर सूप घेऊन बसायची. भिजवलेलं तेंदूचं पान, त्यावर पत्र्याचा साचा, कात्रीनं सर्रकन कापलेला चौकोन, चिमूटभर तंबाखू, बोटांची एक वळवण आणि वर दोरा. बोलता बोलता पंचवीस बिड्यांचा कट्टा बांधून व्हायचा. मजुरी दर हजार बिड्यांमागे. संध्याकाळी कारखान्यात माल दिला की त्यातल्या काही बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचे. त्यांचे पैसे नाहीत आणि माल परतही नाही. तीस वर्षं वळून तिनं दोन मुलांना शिकवलं. तिला कुणी हार घातला नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमात ‘स्वबळावर मोठा झालेला माणूस’ कसकसा येत गेला हे पाहताना मी तिच्या सुपाकडून सुरुवात करतो, कारण शून्य कुठून मोजायचं हा प्रश्न मला तिच्यामुळेच पडला.

या शहरातला पैसा तसा जुना नाही. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली आणि कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. १८७६ ते ७८ या वर्षांत मोठा दुष्काळ पडला आणि त्याच धामधुमीत, १८७७ मध्ये, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. तीच आमची जुनी गिरणी. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि शहर भोंग्यावर उठू लागलं. शेत गेलेला कुणबी आला, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घरोघरी माग मांडले. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांना शहराच्या कडेला तारेच्या कुंपणात ठेवण्यात आलं. त्या वस्तीला ‘सेटलमेंट’ हे नाव पडलं आणि तिथली माणसंही गिरण्यांत राबली. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या, वस्तीचं नाव मात्र अजून सेटलमेंटच आहे. दुसऱ्या टोकाला आप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन. आज तिथं महापालिका आहे. दाखला काढायला गेलेला माणूस नक्षीच्या कमानींखाली रांगेत उभा असतो. मी स्वतः तिथं उभा राहून वर पाहत बसलो आहे.

‘शून्यातून विश्व’ म्हटलं की सोलापूरकर ज्या नावाकडे बोट दाखवतो ते वालचंद हिराचंद दोशी. जन्म १८८२, सोलापूर. १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स, शिवाय वालचंदनगर. कर्तृत्व एवढं की कुठल्याही कादंबरीकाराला ते अतिरंजित वाटावं. पण त्यांची सुरुवात नीट पाहिली पाहिजे. घर व्यापाऱ्याचं, सुस्थितीतलं. घरचा धंदा सोडून ते रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले तेव्हा भागीदार होते लक्ष्मणराव फाटक, पूर्वीचे रेल्वेतले कारकून. काम कसं चालतं हे एकाला ठाऊक, बाजारातली पत दुसऱ्याच्या घराण्याची. वालचंदांचं मोठेपण यानं तसूभरही कमी होत नाही. उलट धाडस किती होतं ते नीट दिसतं. मात्र गोष्ट सांगताना फाटक मागं पडतात, घराण्याची पत गळून जाते आणि एकटा नायक उरतो. स्वकर्तृत्वाची गोष्ट लोकप्रिय होते ती अशी छाटणी होऊनच.

मराठी सिनेमानं आरंभी मात्र वर जाणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितलीच नाही, खाली ढकललेल्याची सांगितली. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा, नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा मूकपट. सावकाराच्या कागदात अडकून शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. सोलापूरच्या गिरणीत त्या काळी अशी कितीतरी घरं होती. आपल्याकडे श्रीमंती म्हणजे एक तर वतन नाहीतर लबाडी, ही समजूत बराच काळ टिकली, आणि दुष्काळी मुलखात ती अनुभवातून आलेली होती.

हिंदी पडद्यावर सोलापूरची एक मुलगी ही सगळी उलथापालथ स्वतःच्या आयुष्यात जगून आली. शशिकला, जन्म १९३२. वडील इथले सधन व्यापारी. धंदा बुडाला, दिवाळं निघालं आणि कुटुंब पोट भरायला मुंबईला गेलं. लहानपणी हौस म्हणून केलेलं नाचगाणं आता पोटापाण्याचं साधन झालं. नूरजहाँची नजर तिच्यावर पडली आणि १९४५ च्या ‘झीनत’मधल्या कव्वालीत तिला उभं राहायला मिळालं. पुढं ‘आरती’ आणि ‘गुमराह’मधल्या भूमिकांसाठी तिला लागोपाठ दोन फिल्मफेअर मिळाले. त्या काळच्या सिनेमात तिच्या वाट्याला बहुधा तोऱ्यातल्या, कारस्थानी बायका आल्या. घरातली श्रीमंती हातातून निसटताना पाहिलेली बाई पडद्यावर मान वाकडी करून तोऱ्यात उभी राहायची आणि प्रेक्षक तिला शिव्या घालायचे. तिच्या अभिनयातली ती धार मला नेहमी या पडझडीशी जोडलेली वाटते. हा माझा अंदाज आहे, पण सोडवत नाही.

१९७० नंतर हिंदी नायकानं पैशाकडे जाण्याची वाट बदलली. ‘दीवार’चा विजय १९७५ चा. बाप खाणकामगारांचा पुढारी, बदनाम होऊन परागंदा झालेला. मुलगा गोदीतला हमाल आणि तिथून तस्करीतला मोठा माणूस. गिरण्यांच्या आणि मागांच्या या शहरात तो नायक कामगारांच्या पोरांना आपला वाटला यात नवल नाही. त्याच सुमारास इथल्या मागांवरही खरी चढण सुरू होती. मजुरीनं माग चालवणाऱ्यानं एक जुना यंत्रमाग घ्यायचा, घरातल्या बायकांनी कांड्या भरायच्या, मग दुसरा माग, मग नक्षी विणणारा जॅकार्ड. सोलापुरी चादरीच्या धंद्यात असे मालक झालेले कितीतरी जण होते. या चढणीवर मोठी कादंबरी किंवा सिनेमा व्हायला हवा होता. धोट्याच्या खटखटाटात वाढलेल्या मला ही उणीव फार जाणवते.

सिनेमाचं लक्ष वेधून घेतलं ते ऊसवाल्यांनी. डॉ. जब्बार पटेल पंढरपूरचे, शिक्षण सोलापुरात. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला त्यांचा ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला. निळू फुल्यांचा हिंदुराव हा साखर कारखान्याभोवती साम्राज्य उभं केलेला माणूस. सहकारातून गावाचं भलं केलं हे त्याचं म्हणणं सपशेल खोटं नाही, म्हणूनच तो भीतिदायक आहे. डॉ. लागूंचा मास्तर त्याच्या वैभवाच्या पायाशी गाडलेल्या मारुती कांबळेचा माग काढत राहतो. ‘स्वतः उभं केलं’ म्हणणाऱ्याला ‘कुणाच्या जिवावर?’ असं मराठी पडद्यावर इतक्या थेट कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर, १९८० मध्ये, भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं आणि जिल्ह्यात ऊस हिरवागार पसरला. धरणाचं पाणी कालव्यानं मिळालं तो बागायतदार झाला. त्याच धरणाच्या फुगवट्यात गाव गेलेला मासे धरू लागला किंवा शहरात गेला.

शून्याच्याही खालून सुरू होणारी गोष्ट मात्र साहित्यात आली ती दलित आत्मकथनांतून. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० चं. १९८४ मध्ये आलेलं शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ तर आमच्याच जिल्ह्यातलं, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचं. बाप पाटील, आई महार. म्हणजे श्रीमंती रक्तात आहे आणि घरात भाकरी नाही. यातली आजी, संतामाय, शेणातले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, दळते आणि त्याची भाकरी करते. लेकराला ताटातली भाकरी आणि ही भाकरी यातला फरक चव घेतल्यावर कळतो. शाळेत बापाचं नाव विचारतात तेव्हा काय सांगायचं हा पेच. हा मुलगा पुढं शिकला, मोठा लेखक झाला, २०२० चा सरस्वती सन्मान त्याला मिळाला. सत्काराच्या भाषेत हेही ‘शून्यातून विश्व’च. पण पुस्तक वाचल्यावर हे शब्द जिभेवर येत नाहीत. वालचंदांना रेल्वेचं कंत्राट मिळवायचं होतं, या मुलाला आधी स्वतःला नाव मिळवायचं होतं. दोघांनाही एकच शून्य लावलं तर हिशेब चुकतो.

त्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे. त्यांच्या ‘फँड्री’ सिनेमातल्या जब्याला जीन्स हवी असते, गोरं दिसायचं असतं. वस्तू घेतली की माणूस बदलतो ही जाहिरातीची शिकवण त्याच्यापर्यंत पोचलेली आहे, आणि गावासमोर डुक्कर धरताना ती एका दुपारी फाटते. मग २०१६ मध्ये ‘सैराट’. शंभर कोटींच्या पुढं गेलेला पहिला मराठी सिनेमा. लोकांनी तो प्रेमकथा म्हणून पाहिला, गाण्यांवर थिएटरात नाचले. मला मात्र त्याचा उत्तरार्ध महत्त्वाचा वाटतो, कारण तो सरळ सरळ कष्टातून वर येण्याची गोष्ट आहे. बागायतदार पुढाऱ्याची मुलगी, बुलेट चालवणारी आर्ची आणि मासेमाराचा परश्या हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडतात. हैदराबाद सोलापूरकराला परकं नाही. इथल्या कितीतरी घरांचे नातेवाईक त्या बाजूला आहेत. पण आर्चीला तिथली भाषा येत नाही, वस्तीतला वास सोसत नाही. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. आर्ची बाटल्या भरण्याच्या कारखान्यात लागते, तुटकी तेलुगू शिकते. पैसे साठतात, स्कूटी येते, जरा बरं घर मिळतं, मूल होतं. दुसरा कुठलाही सिनेमा असता तर इथं शेवट झाला असता आणि आपण समाधानानं उठलो असतो.

त्या घरापर्यंतची प्रत्येक पायरी त्या दोघांनी स्वतः चढलेली असते. घर नीटनेटकं आहे, दारात रांगोळी आहे. आर्चीचा भाऊ आणि त्याच्याबरोबरची माणसं दारात येतात. ती त्यांना आत बोलावते, चहा टाकते. त्यांच्या हातात आईनं पाठवलेल्या भेटवस्तू असतात.