घरी येतं ते फक्त चित्र

आमच्या ऑफिसात जुन्या पत्रव्यवहाराच्या पुष्कळ फाइली आहेत, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणारी अक्षरांची समान संकेतपद्धत) रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या. तो फॉन्ट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे, माझ्या घरच्या लॅपटॉपवर नाही. त्यातली एखादी फाईल पेनड्राइव्हवरून घरी आणली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या चिन्हांची खिचडी दिसते. पण तीच फाईल मी घरी बसून, रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडून उघडली, तर त्याच लॅपटॉपवर स्वच्छ मराठी दिसतं. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं सगळं जागच्या जागी. आणि त्यातली एक ओळ कॉपी करून लॅपटॉपवरच्या फाइलीत पेस्ट केली, की पुन्हा खिचडी.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तीन-चार वेळा करून बघितलं. घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवणं म्हणजे नेमकं काय, ते या एका प्रयोगात सापडतं. फाईल घरी आलेलीच नसते. ती ऑफिसातल्या डिस्कवर आहे, तिथलाच प्रोसेसर ती उघडतो, तिथलाच फॉन्ट वापरून अक्षरं तिथेच रेखाटली जातात, आणि माझ्याकडे येतं ते त्या रेखाटलेल्या पडद्याचं चित्र. चित्राला फॉन्ट लागत नाही. कॉपी-पेस्ट करताना मात्र चित्र येत नाही, अक्षरांचे सांकेतिक आकडे येतात. ते आकडे वाचायला लागणारा फॉन्ट माझ्याकडे नाही, म्हणून खिचडी.

हे चित्र पाठवणं वाटतं तितकं सोपं नाही. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर एका चित्राचे ६२ लाख बाइट झाले. एका बाइटचे ८ बिट, तेव्हा सेकंदाला अशी ३० चित्रं पाठवायची तर जवळपास दीड गिगाबिटचा वेग हवा, म्हणजे घरच्या १०० मेगाबिटच्या ब्रॉडबँडच्या पंधरापट. तरीही काम चालतं, कारण अख्खं चित्र पुन्हा पुन्हा पाठवलंच जात नाही. मी एक अक्षर टाईप केलं तर पडद्यावर नखाएवढी जागा बदलते, तेवढाच तुकडा दाबून बारीक करून येतो. मजकूर वर सरकवला तर बहुतेक चित्र तेच असतं, फक्त जागा बदललेली. तेव्हा ‘अमुक चौकोन उचलून तमुक ठिकाणी ठेव’ एवढा निरोप पुरतो. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात तयार झालेल्या व्हीएनसी या पद्धतीत या निरोपासाठी खास संकेतच आहे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपची जी पद्धत आणली, तिने सुरुवातीला आणखी काटकसर केली. ठिपके पाठवण्याऐवजी ‘इथून इथपर्यंत रेघ मार, या चौकटीत हा रंग भर’ अशा आज्ञा पाठवल्या. लाइन संथ असली की ऑफिसच्या डेस्कटॉपवरचा गणपतीचा फोटो जाऊन घरी नुसती काळी पार्श्वभूमी दिसते, तीही याच काटकसरीपोटी. फोटो ऑफिसात सुखरूप असतो.

दूर बसून यंत्राकडून काम करून घ्यायची हौस कॉम्प्युटरच्या पडद्यांहूनही जुनी आहे. सप्टेंबर १९४० मध्ये जॉर्ज स्टिबिट्झ यांनी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात, गणितज्ञांच्या सभेत, एक टेलिप्रिंटर, म्हणजे तारेने जोडलेला टाईपरायटर, ठेवला. गणित करणारं यंत्र न्यूयॉर्कला बेल लॅब्जमध्ये होतं. सभेत आकडे टाईप झाले की ते तारेवरून न्यूयॉर्कला जात, रिलेंची, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचांची, खटखट तिथे होई आणि उत्तर सभेतल्या कागदावर छापून येई. आपण आज तेच करतो, फक्त कागदाच्या जागी पडदा आला आहे.

घरून ऑफिसकडे काय जातं? बोटांच्या हालचाली. इथेही मराठी माणसाला एक खाचखळगा आहे. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये ‘क’ हा इंग्रजी ‘के’च्या बटणावर आहे. मी ते बटण दाबलं की रिमोट डेस्कटॉपवरून सहसा ‘क’ जात नाही, ‘अमुक क्रमांकाचं बटण दाबलं’ एवढाच निरोप जातो. त्याचं अक्षर कोणतं करायचं ते ऑफिसचा कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड निवडूनही तिकडे इंग्रजी उमटत असेल, तर मराठी कीबोर्ड ऑफिसच्या बाजूला निवडायला हवा. यात अनेकांचे तास वाया गेलेले मी पाहिलेत.

माझं बटण दाबणं आणि पडद्यावर अक्षर दिसणं यांच्यामध्ये जाण्यायेण्याचा पूर्ण प्रवास असतो. माऊसचा बाण बहुधा इथल्या इथेच काढला जातो, म्हणून तो हलका फिरतो. अक्षर मात्र तिकडे उमटून परत येतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई हे दीडशे किलोमीटर जाऊन यायला त्याला दीड मिलिसेकंद लागतो, तो जाणवायचा प्रश्नच नाही. पण न्यूयॉर्कला मुलाकडे गेलेल्या माणसाला मुंबईचं ऑफिस उघडायचं असेल, तर अंतर साडेबारा हजार किलोमीटर. केबल अगदी नाकासमोर सरळ गेली असती तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागले असते. प्रत्यक्षात ती समुद्रातून वळसे घेत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागते, त्यामुळे वेळ त्याहून जास्तच. साधारण १०० मिलिसेकंदांच्या आतली दिरंगाई आपल्याला जाणवत नाही, त्यापुढे टाईप करताना अक्षरं मागे राहिल्यासारखी वाटतात. इंटरनेटचा महागडा प्लॅन घेऊन हे अंतर कमी होत नाही. प्लॅनने एका वेळी किती माल जाईल ते वाढतं, वाट तेवढीच राहते.

आता पत्त्याचा प्रश्न. इंटरनेटच्या जुन्या, अजूनही सर्रास चालणाऱ्या पद्धतीत पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत, ते सगळ्या यंत्रांना पुरत नाहीत. म्हणून ऑफिसची अवस्था जुन्या वाड्यासारखी असते. बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच पत्ता ठाऊक, आत बिऱ्हाडं वीस. राउटर हा या वाड्याचा दिवाणजी. आतल्या कुणी बाहेर पत्र धाडलं की तो वहीत नोंद करतो आणि उत्तर आलं की नोंद पाहून त्या बिऱ्हाडाला देतो. नोंद नसलेलं पत्र बाहेरून आपणहून आलं तर कुणाला द्यायचं हे त्याला कळत नाही, तो ते टाकून देतो. घरून थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरला हाक मारली तर ती पोहोचत नाही ती यामुळे. टीमव्ह्यूअर किंवा एनीडेस्कसारखी सॉफ्टवेअर यावर साधी युक्ती करतात. ऑफिसचा कॉम्प्युटर स्वतःच बाहेरच्या एका मध्यस्थ सर्व्हरशी संपर्क ठेवून असतो. मीही घरून त्याच मध्यस्थाकडे जातो. घरचा आणि ऑफिसचा अशा दोन्ही दिवाणजींच्या वहीत नोंद झालेली असल्याने पत्रं दोन्हीकडे पोहोचतात.

दुसरा मार्ग व्हीपीएनचा. त्यात आधी ओळख पटवून घ्यायची, मग लॅपटॉप आणि ऑफिस यांच्यात सांकेतिक भाषेतली वाट तयार होते आणि लॅपटॉप वाड्याच्या आतलाच एक होतो. तिसराही मार्ग आहे आणि तो कुणी सुचवला तर ठाम नकार द्या. घाईत राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे आत यायचं एक दार, सरळ जगासाठी उघडून ठेवायचं. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट हेच आहे हे चोरांनाही माहीत असतं आणि त्यांचे प्रोग्राम रात्रंदिवस उघडी पोर्टं शोधून पासवर्ड लावून पाहत असतात. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधला ‘ब्लूकीप’ नावाचा दोष उघड झाला, त्यात तर पासवर्डही लागत नव्हता. धोका एवढा मोठा होता की २०१४ मध्येच दुरुस्त्या देणं बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो आणखी एका गोष्टीने. ‘केवायसी बाकी आहे, हे ॲप घ्या आणि त्यावरचा नंबर सांगा’ असे फोन आपल्या आईवडिलांना येतात. ते ॲप एनीडेस्कसारखंच असतं. नंबर सांगितला आणि परवानगी दिली की फोनचा पडदा समोरच्याला दिसू लागतो, ओटीपीसकट. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याबद्दल सावध केलं होतं. इथे कुठलंही कुलूप फोडलेलं नसतं, दार आतून उघडून घेतलेलं असतं. कृपया आज घरी हे समजावून सांगा: बँक कधीही असा नंबर मागत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या अकाउंट्सच्या मॅडम गावी गेल्या होत्या. रात्री अकराला काम संपवून त्यांनी सवयीने ‘शट डाऊन’ केलं. बंद झाला तो ऑफिसचा कॉम्प्युटर. करायचं होतं ‘डिसकनेक्ट’. रिटर्नची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती, म्हणून वॉचमनकाकांना झोपेतून उठवून, टेबलाखालचं कोणतं बटण दाबायचं ते फोनवर सांगावं लागलं.

त्यानंतर आम्ही ‘वेक ऑन लॅन’ चालू करून घेतलं. कॉम्प्युटर बंद असला तरी नेटवर्क कार्ड थोड्याशा विजेवर जागं राहू शकतं आणि एकाच निरोपाची वाट पाहतं. निरोप १०२ बाइटचा: सुरुवातीचे ६ बाइट सगळे बिट १ असलेले, पुढे त्या कार्डाचा स्वतःचा ६ बाइटचा पत्ता लागोपाठ १६ वेळा. इतक्या वेळा आपलंच नाव ऐकलं की कार्ड मदरबोर्डला उठवतं. ही हाक वाड्याच्या आतूनच मारावी लागते, म्हणून ऑफिसात एक छोटा कॉम्प्युटर कायम चालू ठेवला आहे. आधी त्याला जोडून घ्यायचं, मग तिथून शेजारच्याला हाक द्यायची. परवा पहाटे मॅडमनी गावाहून तसं केलं. दीड मिनिटात लॉगिनचा पडदा समोर आला आणि वॉचमनकाकांची झोप मोडली नाही.