पार्श्वभूमी : मराठवाड्यातील उद्योग-व्यवसायांची पाणीकपात

1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात चर्चा होती ती पिकांची, चाऱ्याची आणि हाताला काम मिळण्याची. जायकवाडी धरणही मुख्यतः सिंचनासाठी उभे राहिले. पुढे वाळूजची औद्योगिक वसाहत वाढली, तशी नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, कारखान्यांची भिस्त वाढली. 2003 च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला आणि मग शेतीला स्थान दिले; 2011 मध्ये हा क्रम बदलून शेती पुढे आली.

खरा वाद पेटला तो एप्रिल 2016 मध्ये. मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागत असताना, जनहित याचिकेवरील उच्च न्यायालयाच्या आदेशाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने 60 टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांच्या पाण्यात 25 टक्क्यांपर्यंत कपात झाली. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम देणारा हा निर्णय त्या उन्हाळ्यात आवश्यकच होता. तरीही सरसकट टक्केवारीतला दोष नजरेआड करता येत नाही. ज्याने आधीच पाणी वाचवले होते, त्याच्या हातात कापण्यासारखे थोडेच उरले होते. ज्याने नळ मोकळे सोडले होते, त्याला तीच कपात सोसणे सोपे गेले. त्यात पर्याय उरला तो टँकरचा, म्हणजे बहुधा बोअरच्या जड, क्षार जास्त असलेल्या पाण्याचा. कारखान्यातले गरम पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, आणि ते ठराविक मर्यादेपलीकडे साठले की टॉवरमधील काही पाणी सोडून देऊन ताजे भरावे लागते. भरलेले पाणी मुळातच जड असेल, तर ही वेळ लवकर येते आणि वाचवलेल्या पाण्यापैकी काही गटारात जाते. कपातीच्या आकड्यात हे नुकसान कुठेच दिसत नाही.

2017 मध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या पुनर्वापराचे धोरण राज्याने आणले आणि कपातीऐवजी पर्यायी पाण्याची भाषा सुरू झाली. वाळूज, शेंद्रा, जालना यांसारख्या वसाहतींना ती लागू पडते, कारण तिथे मोठा ग्राहक एका ठिकाणी सापडतो. हॉटेले, मंगल कार्यालये, लॉन्ड्र्या आणि गाड्या धुण्याची केंद्रे मात्र या चर्चेच्या कडेलाच राहिली. त्यांचे पाणी अनेकदा स्वतःच्या बोअरचे किंवा टँकरचे असते, त्यावर मीटर नसतो, आणि किती टक्के कमी करा असे सांगायचे झाले, तरी ते कशाच्या किती टक्के, हे मोजायला मुळात नोंदच नसते.