पाकिटांचा संच नेलात? मग फोनवरून दिलेल्या पैशांचं काय करायचं ते वाचा

आमच्याकडून घरखर्चाच्या पाकिटांचा संच नेलेले ग्राहक साधारण वीस तारखेनंतर परत येतात, काउंटरवर पाकिटं मांडतात आणि एकच गाऱ्हाणं सांगतात: ‘पाकिटात पैसे दिसतायत, पण बँकेत काही उरलेलं नाही.’ दर वेळी तेच समजावण्यात अर्धा तास जातो. मागे वह्या-पुस्तकांची रांग लागते, आणि अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये रांग लागली की काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. म्हणून हे पत्रक. संचाबरोबर फुकट आहे.

पद्धत तुम्हाला माहीत आहेच. पगार झाला की खर्चापुरती रोकड काढायची, नावं घातलेल्या पाकिटांत वाटायची, आणि पाकीट रिकामं झालं की तो खर्च त्या महिन्यापुरता बंद. आपल्या आज्या हेच करायच्या, फक्त डब्यांत. दूधवाल्याचे चहाच्या डब्यामागे, वाण्याचे डाळीत, आणि कुणालाच न सांगितलेले तांदळाच्या तळाशी. (८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीनंतर तळाच्या त्या पाचशे-हजाराच्या नोटा कितीतरी घरांत पहिल्यांदाच उजेडात आल्या, तो भाग वेगळा.)

घराचा हप्ता, महावितरणचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी हे पाकिटात घालू नका. ते ठरलेल्या तारखेला ठरलेल्या आकड्याने बँकेतून जातात, जाऊ द्या. पाकीट लागतं ते हातातून सुटणाऱ्या खर्चाला: किराणा, भाजी-फळं, पेट्रोल, बाहेरचं खाणं, औषधं, कपडे आणि तुळशीबाग, पाहुणे-आहेर, आणि किरकोळ. म्हणून संचात आठ आहेत. ‘बारा करून द्या’ असं बरेच जण म्हणतात. आम्ही देत नाही. बारा पाकिटं घेऊन बसलेलं घर तिसऱ्या महिन्यापर्यंत कंटाळतं, हे आम्ही काउंटरवरून पाहिलंय.

आता मूळ दुखणं.

एप्रिलमध्ये कोथरूडच्या एक काकू आल्या होत्या, चेहरा एकदम खुललेला. भाजीच्या पाकिटात एक तारखेला ३,००० रुपये घातले होते, बावीस तारखेला १,९०० शिल्लक. ‘तुमचं पाकीट चालतं हो,’ म्हणाल्या, आणि त्या १,९०० मधून हापूसची पेटी आणायला मार्केट यार्डाकडे निघाल्या होत्या. आम्ही म्हटलं, फोन दाखवता का जरा? फोनमध्ये मंडईबाहेर ६० रुपये, कोपऱ्यावरच्या गाडीवर ४५, शहाळं ७०, नुसत्या कोथिंबिरीचे १०. बावीस दिवसांची अशी बेरीज झाली १,७४०. रोख खर्च १,१०० आणि फोनवरून १,७४०, म्हणजे २,८४०. भाजीला खरे उरले होते १६० रुपये. बाकीचे बँकेतून केव्हाच गेले होते, आणि तेच पैसे दुसऱ्यांदा खर्च व्हायला पाकिटात तयार बसले होते. पेटी काही आली नाही. काकू आमच्यावर थोड्या रागावल्या, पण पुढच्या महिन्यात बहिणीसाठी दुसरा संच घेऊन गेल्या.

दहातल्या आठ जणांची चूक हीच असते. पैसे फोनवरून दिले, पण पाकिटातली रोकड तशीच ठेवली. पाकीट जाड दिसतं, हात सैल सुटतो.

उपाय साधा आहे. ‘मोबाईल’ असं लिहिलेलं आणखी एक पाकीट करा. दुपारी वाण्याला फोनवरून ३४० रुपये दिलेत, तर रात्री किराण्याच्या पाकिटातून ३४० काढून मोबाईलच्या पाकिटात टाका. आकडा ३४३ असेल आणि सुट्टे नसतील तर ३५० टाका, सात रुपयांसाठी घरात भांडू नका. या पाकिटाला महिनाभर हात लावायचा नाही. महिनाअखेरीस त्यात १,७४० जमले असतील, तर पुढच्या महिन्यात बँकेतून तेवढे कमी काढायचे. पैसे गेलेत बँकेतून, म्हणून बँकेतच परत ठेवल्यासारखं झालं. इतकंच.

हे रोज रात्रीच करा. ‘रविवारी एकदम करू’ म्हणणारे सगळे फसतात, आणि त्याचं कारण फार किरकोळ आहे. फोनच्या यादीत दुकानाचं नाव दिसेलच असं नाही, पुष्कळदा खातं ज्याच्या नावावर आहे त्या माणसाचं नाव येतं. चार दिवसांनी ते नाव वाचून हे आपले भाजीवाले की वडापाववाले की रिक्षावाले, काही आठवत नाही. मग सगळं ‘किरकोळ’ मध्ये ढकललं जातं आणि पाकिटांना अर्थ उरत नाही. त्याच रात्री आठवतं. जेवण झाल्यावर पाच मिनिटं लागतात, त्याहून जास्त नाही.

घरात दोन फोन असतील तर दोन्ही धरायचे. भाजीचं पाकीट बायकोकडे, पण संध्याकाळी येताना पालक-मेथी नवऱ्याने स्वतःच्या फोनवरून आणली, हे तर रोजचंच आहे. काही घरांत फ्रीजवर चिठ्ठी लावतात आणि ज्याने पैसे दिले त्याने आकडा लिहायचा असा नियम करतात. चांगला नियम आहे. ‘मी दिले तर त्यात काय एवढं’ हे वाक्य मात्र त्या घरात चालत नाही.

फोन पूर्ण बंद करा, असं आम्ही सांगत नाही. आमच्याच काउंटरवर क्यूआर कोड लावलेला आहे, तेव्हा उपदेश करायचा हक्क आम्हाला नाही. ‘मग ॲपच का वापरू नये?’ असं तरुण मंडळी विचारतात. वापरा की. ॲप खर्च झाल्यावर हिशेब चोख सांगतं. पण शनिवारी संध्याकाळी ‘बाहेरचं खाणं’ उघडल्यावर आत विसाच्या दोन नोटा दिसल्या की पोरं मुकाट पोहे खातात, ते काम ॲपकडून होताना आम्ही पाहिलेलं नाही.

‘भाजीचं संपलं, किराण्यातून घेऊ का?’ घ्या. फक्त पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहा: ‘किराण्यातून भाजीला २००’. सलग तीन महिने तेच लिहावं लागलं, तर भाजीचा आकडाच कमी धरलाय. वाढवा, त्यात लाज कसली.

नोटांबद्दल थोडं. एटीएममधून बहुतेक वेळा पाचशेच्याच नोटा येतात, आणि चाळीस रुपयांच्या मेथीला पाचशेची मोडली की सुट्टे पाकिटात परत न जाता खिशात जिरतात. शक्य असेल तर बँकेत स्लिप भरून शंभर-दोनशेच्या मागून घ्या. महिन्याचे सगळे पैसे एकदम घरात ठेवायची भीती वाटत असेल तर एक आणि सोळा तारखेला असे दोनदा काढा. उठसूट एटीएमला मात्र जाऊ नका. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट असतात, पुढच्या प्रत्येक वेळेला बँक २३ रुपयांपर्यंत अधिक कर लावू शकते.

ज्यांच्यावर क्रेडिट कार्डाचं ओझं आहे त्यांनी पुढचं नीट वाचावं. समजा ६०,००० रुपये थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याज झालं २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, एकूण २,४७८. तुम्ही ३,००० भरलेत तर मूळ रकमेतून गेले ५२२ रुपये. वर, आधीचं पूर्ण न फेडता नवी खरेदी केली की तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. त्यामुळे थकबाकी आहे तोवर कार्ड पर्समध्ये नको. कापून टाका असं आम्ही म्हणत नाही, लोक कापतात आणि नवं मागवतात. कपाटात आजीच्या शालूखाली ठेवा. आणि महिनाअखेरीस पाकिटांत जे काही उरेल, पन्नास का असेनात, ते कार्डाला भरा. उरलेल्या पैशांत हॉटेलात जायची चाल कर्ज फिटल्यावर. मोबाईलचं पाकीट यात धरायचं नाही, ते उरलेले पैसे नव्हेत.

गणपती, दिवाळी, गाडीचा विमा असे वर्षातून एकदा येणारे खर्च पाकिटात साठवू नका. वर्षाचे २४,००० होत असतील तर बँकेत बारा महिन्यांची २,००० ची आरडी लावा. घरातल्या पाकिटातले वर्गणीचे पैसे आषाढातच मोडले जातात.

शेवटी आमच्या मालाबद्दल. साध्या खाकी पाकिटांनीही हे सगळं जमतं, आणि ती आम्ही सुटीही विकतो. पण रोज उघडझाक केली की खाकी पाकीट दुसऱ्या महिन्यात घडीवर फाटतं. संचातली पाकिटं आतून कापड लावलेली आहेत, वर्षभर सहज टिकतात. आठ पाकिटं आणि बारा महिन्यांच्या चिठ्ठ्या मिळून १८० रुपये. पाकिटांवर नावं आम्ही छापत नाही, त्यावरूनही तक्रार येते. एकाच्या घरी ‘पेट्रोल’ लागतं, दुसऱ्याच्या घरी ‘मेट्रो-बस’. तुमच्या हाताने लिहा, मार्कर काउंटरवर ठेवलाय. वापरलेला संच परत घेतला जात नाही.

मोबाईलसाठीचं नववं पाकीट २५ रुपयांना सुटं मिळेल. आधी संच नेलेल्यांनी जुनं एखादं पाकीट दाखवलं तर फुकट. दुपारी १ ते ४ सोडून केव्हाही या.